बंद न होणारं दार

शुक्रवार, २७ सप्टेंबर १९६३. लंडनच्या शेफर्ड्स बुश भागात लाइम ग्रोव्ह नावाच्या रस्त्यावर बीबीसीचा एक जुना स्टुडिओ होता. तिथल्या 'डी' स्टुडिओत त्या संध्याकाळी एका नव्या मालिकेचा पहिला भाग टेपवर घेणं चाललं होतं. गोष्ट एका म्हाताऱ्याची, त्याच्या नातीची आणि त्या नातीचा माग काढत तिच्या घरापर्यंत पोचलेल्या दोन शिक्षकांची. घर म्हणजे काळातून आणि अवकाशातून फिरणारं यान. यानाच्या आत चौघांची खडाजंगी सुरू झाली आणि नेमकं तेव्हाच यानाचं दार लागेना. दोन भल्यामोठ्या पांढऱ्या झडपा मागेपुढे हलत राहिल्या, मधूनच आदळल्या. नट त्या खडखडाटावरून आवाज चढवून बोलत राहिले.

दिग्दर्शक होता वारिस हुसेन, वय वर्षं चोवीस. जन्म लखनौचा, बालपणाचा बराचसा काळ मुंबईत गेलेला. निर्माती होती व्हेरिटी लँबर्ट, सत्ताविशीतली. बीबीसीच्या नाट्यविभागात तेव्हा दुसरी स्त्री निर्माती नव्हती आणि तिच्याएवढ्या लहान वयाचा पुरुष निर्माताही नव्हता. मालिकेचं नाव 'डॉक्टर हू'. आज ती साठीच्या पुढे गेली आहे, जगभर पाहिली जाते, तिच्यावर ग्रंथ आहेत. पण मला ओढ आहे ती त्या पहिल्या पंचवीस मिनिटांची, 'ॲन अनअर्थली चाइल्ड' या भागाची. या भूमीवरची न वाटणारी मुलगी, असं त्या नावाचं मराठी होईल. आपलं घर सुटलेल्या माणसांची ही गोष्ट, आणि ती सांगणाऱ्यांतही घरापासून दूर आलेल्यांचा भरणा होता. या भागात जो जिवंतपणा आहे तो मला तिथून आलेला वाटतो.

विज्ञानकथेचं बीबीसीला वावडं नव्हतं. १९५३ साली 'द क्वाटरमास एक्स्परिमेंट'ने प्रेक्षकांना धडकी भरवली होती. १९६१च्या शरदात 'ए फॉर अँड्रोमेडा' ही सात भागांची मालिका आली. ती लिहिली होती जॉन एलियट यांच्यासोबत केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी. इथे आपल्या घरातला एक धागा लागतो. हॉइल यांच्याकडे त्याच काळात संशोधन करत होते कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर. त्यांना पीएच.डी. मिळाली ती १९६३ सालीच. आकाशाचं गणित मांडणारा माणूस गोष्टही सांगू शकतो, हे त्यांनी गुरूच्या घरी पाहिलं. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठवली, तेव्हा हॉइल यांचा तो वसा मराठीत आला असं मी मानतो. वारिस हुसेनही नारळीकरांसारखेच १९३८चे आणि शिकले तेही केंब्रिजमध्येच, क्वीन्स कॉलेजात. एक आकाशाकडे वळला, एक रंगमंचाकडे.

१९६२ साली बीबीसीच्या संहिता विभागाने दूरचित्रवाणीवर विज्ञानकथा कशी चालेल याची रीतसर पाहणी करवली. छापील विज्ञानकथांचे ढीग वाचून काढले गेले. काळप्रवासाची कल्पना पडद्यावर चांगली फुलेल, असं पाहणी करणाऱ्यांचं मत पडलं. डोळे बाहेर आलेले राक्षस नकोत, पत्र्याचे यंत्रमानव नायक म्हणून नकोत, अशाही अटी त्यांनी घातल्या. तो अहवाल फडताळातच राहिला असता. पण १९६२च्या अखेरीला सिडनी न्यूमन नाट्यविभागाचे प्रमुख म्हणून आले.

न्यूमन टोरांटोचे, रशियातून कॅनडात आलेल्या ज्यू कुटुंबातले. ब्रिटनमधल्या खासगी वाहिनीवर त्यांनी 'आर्मचेअर थिएटर' गाजवलं होतं, 'द अव्हेंजर्स' सुरू केली होती. बीबीसीतल्या उच्चभ्रू वळणाच्या मंडळींना हा मोठ्याने बोलणारा, भडक टाय लावणारा माणूस पचायला जड गेला. त्यांच्यापुढे शनिवारच्या संध्याकाळचा एक साधा प्रश्न आला. खेळांचा 'ग्रँडस्टँड' संपला की मोठी माणसं उठत आणि तरुणांचा 'ज्यूक बॉक्स ज्युरी' लागेपर्यंतच्या वेळात प्रेक्षक गळत. दोन्हींना बांधून ठेवील, मुलांनाही चालेल असं काहीतरी हवं होतं. न्यूमन यांच्या डोक्यात एक म्हातारा आला. घर सोडून पळालेला, चिडका, थोडा विसराळू, आतून बाहेरच्यापेक्षा कितीतरी मोठ्या असलेल्या यानात बसून काळात भटकणारा. इतिहासात गेला तर मुलं इतिहास शिकतील, भविष्यात गेला तर विज्ञान. म्हणून त्याच्यासोबत एक इतिहासाची बाई आणि एक विज्ञानाचे मास्तर द्यायचे.

निर्मिती करायला त्यांनी आधी ज्यांना विचारलं त्यांनी नकार दिला. मग त्यांना आपल्या जुन्या कंपनीतली मदतनीस मुलगी आठवली. तिच्याबद्दलचा एक प्रसंग सांगायलाच हवा. नोव्हेंबर १९५८मध्ये 'आर्मचेअर थिएटर'चं एक नाटक थेट प्रक्षेपित होत असताना गॅरेथ जोन्स हा नट दोन प्रवेशांच्या मधे कोसळला आणि गेला. नाटक थांबवता येत नव्हतं. दिग्दर्शक धावत खाली गेला, उरलेल्या नटांना संवाद वाटून दिले, आणि तेवढा वेळ नियंत्रण कक्षात बसून कॅमेऱ्यांना हुकूम सोडले ते तेविशीतल्या व्हेरिटी लँबर्टने. अशा मुलीचे हात पुढे लाइम ग्रोव्हमध्ये थरथरणार नव्हते.

वारिस हुसेन यांचं घर निराळं. आई अतिया हुसेन, अवधच्या तालुकदार घराण्यातल्या लेखिका. त्यांची 'सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम' ही कादंबरी १९६१ साली आली. फाळणीने दुभंगलेल्या कुटुंबाची ती गोष्ट आहे. वडील अली बहादूर हबीबुल्ला यांची लंडनला भारतीय उच्चायुक्तालयात नेमणूक झाली, म्हणून १९४६ साली सगळे इंग्लंडला आले. पुढच्याच वर्षी देश दुभंगला. अतिया हुसेन लंडनलाच राहिल्या, बीबीसीच्या पूर्वेकडच्या सेवेत कार्यक्रम करू लागल्या. आपल्या घराचे दोन तुकडे झाल्यावर त्यांतला एक निवडायचा त्यांनी नाकारला, असं मला त्यांची पुस्तकं वाचताना वाटतं. मुलगा मुंबईतून निघाला तेव्हा सात-आठ वर्षांचा होता. परत जायचं घर नकाशावर उरलं आहे की नाही, अशा प्रश्नात तो वाढला. १९६०मध्ये बीबीसीत उमेदवार दिग्दर्शक म्हणून लागला, तेव्हा नाट्यविभागात त्याच्यासारखा चेहरा दुसरा नव्हता.

पहिली संहिता लिहिली अँथनी कोबर्न यांनी. ते ऑस्ट्रेलियाचे. यानाला बाहेरून काय रूप द्यावं हे ठरत नव्हतं. कोबर्न यांना रस्त्यावर एक पोलीस बॉक्स दिसला आणि प्रश्न मिटला. लंडनच्या कोपऱ्याकोपऱ्यावर तेव्हा असे गडद निळे, माथ्यावर दिवा असलेले बॉक्स असत. आत टेलिफोन, हवालदाराला टेकायला जागा, आणि अडल्यानडल्या नागरिकालाही बाहेरच्या झडपेतून फोन करता येई. आपल्याकडच्या नाक्यावरच्या पोलीस चौकीइतकीच ती रोजच्या नजरेतली वस्तू. म्हणूनच भंगाराच्या आवारात ती उभी दिसली की आधी कुणाचं लक्ष जात नाही, आणि मग तिच्यावर हात ठेवताच ती गुणगुणते आहे हे कळतं. सगळ्या भागातली भीती त्या गुणगुणण्यात आहे.

आवाजाचा हा सगळा संसार मेडा व्हेलच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये उभा राहिला. शीर्षकसंगीताची चाल रॉन ग्रेनर यांची, तेही ऑस्ट्रेलियातून आलेले. त्यांनी कागदावर सूर आणि काही सूचना लिहून दिल्या. ते सूर वाजवून काढले डेलिया डर्बीशायर यांनी, डिक मिल्स यांच्या मदतीने. 'वाजवून' हा शब्दही खरं तर अपुरा आहे, कारण वाद्य नव्हतंच. सिंथेसायझर बाजारात यायचा होता. एक तार छेडून तिचा आवाज टेपवर घ्यायचा, वेग कमीजास्त करून त्याचे वेगवेगळे सूर बनवायचे. चाचणीसाठी असलेल्या ऑसिलेटरचे शीळ घातल्यासारखे नाद हातानं चक्री फिरवत पकडायचे. मग एकेक सूर जितका वेळ टिकायला हवा तितकी टेप मोजून ब्लेडने कापायची आणि तुकड्याला तुकडा चिकटवायचा. अशा तीन टेपा तीन यंत्रांवर एकाच क्षणी सुरू करून एकत्र घ्यायच्या. एके ठिकाणी काहीतरी चुकत होतं आणि कुठे ते कळेना, तेव्हा त्यांनी टेपा लांबच्या लांब कॉरिडॉरमध्ये पसरल्या आणि शेजारी शेजारी ठेवून चुकलेला सांधा शोधून काढला. गोधडी शिवणारी बाई टाका तपासते तसा.

ग्रेनर यांना ते ऐकून ही आपलीच चाल आहे यावर विश्वास बसेना. डर्बीशायर यांचंही नाव सहसंगीतकार म्हणून लागावं, असा त्यांचा आग्रह होता. पण वर्कशॉपमधल्या माणसांची नावं द्यायची नाहीत असा बीबीसीचा नियम. गणित आणि संगीत दोन्ही शिकलेल्या या बाईंना आधी एका ध्वनिमुद्रिका कंपनीने, आमच्याकडे रेकॉर्डिंगच्या कामावर बायका घेत नाहीत, असं सांगून परत पाठवलं होतं. त्यांचं लहानपण कोव्हेंट्रीत गेलं, जर्मन बाँबहल्ल्यांच्या भोंग्यांत. त्या भोंग्यांनीच आपल्याला अमूर्त नादाची ओळख करून दिली, असं त्या पुढे सांगत. त्यांचं नाव मालिकेच्या पडद्यावर झळकलं २०१३ साली, पन्नासाव्या वाढदिवसाच्या भागात. तोवर त्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती. ही गोष्ट मला दर वेळी बोचते.

यान उडतानाचा तो घरघरता, उसासे टाकणारा आवाज ब्रायन हॉजसन यांचा. त्यांनी आईच्या घराची किल्ली एका मोडक्या पियानोच्या खर्जातल्या तारांवरून खरवडत नेली. शीर्षकाची चित्रं बर्नार्ड लॉज यांनी कॅमेरा त्याच्याच पडद्यासमोर धरून मिळवली. समोरासमोर आरसे ठेवले की प्रतिमेत प्रतिमा दिसत जाते, तसे प्रकाशाचे लोट उसळत राहतात.

म्हाताऱ्याच्या भूमिकेसाठी विल्यम हार्टनेल ठरले. वय पंचावन्न, आयुष्य खडतर, आणि पडद्यावर वर्षानुवर्षं खेकसणाऱ्या सार्जंटची नाहीतर गुंडाची कामं. लँबर्टने त्यांना 'धिस स्पोर्टिंग लाइफ' या चित्रपटात पाहिलं होतं. त्यांना राजी करायला ती आणि हुसेन दोघं जेवायला घेऊन गेले. नात सुझन झाली कॅरोल ॲन फोर्ड, शिक्षिका बार्बरा झाल्या जॅकलिन हिल, विज्ञानाचे मास्तर इयन झाले विल्यम रसेल.

आणि वाट्याला आला लाइम ग्रोव्हचा 'डी' स्टुडिओ. एकेकाळी याच वास्तूत हिचकॉकच्या 'द ३९ स्टेप्स'चं चित्रीकरण झालं होतं. बीबीसीने ती घेतली १९४९मध्ये. कॅमेरे जुने आणि अवजड, छत बुटकं, हवा कोंदट. दिव्यांचा ताप इतका वाढे की आग विझवायचे फवारे आपोआप सुरू होत आणि वरून पाणी बरसू लागे. यानाच्या आतलं दालन पीटर ब्राचाकी यांनी उभं केलं, भिंतींवर गोल खळगे, मधोमध षटकोनी टेबल. कल्पना अप्रतिम, पण त्या दालनाने जागा आणि पैसा दोन्ही इतकं खाल्लं की बीबीसीचे कार्यक्रमप्रमुख डोनाल्ड बॅव्हरस्टॉक मालिकाच गुंडाळायच्या विचारात होते.

आता त्या दाराकडे परत येऊ.

पहिलं चित्रीकरण न्यूमन यांना दाखवलं गेलं. ते पाहून त्यांनी लँबर्ट आणि हुसेन यांना जेवायला नेलं आणि स्पष्ट सांगितलं की तुम्हाला दोघांना काढून टाकायला हवं. पण काढलं नाही. सगळं पुन्हा करा, म्हणाले. आज चाळीस लाखांची जाहिरात करणारा माणूसही जे वाया गेलेलं काम दुसऱ्यांदा करू देत नाही, ते काटकसरीच्या त्या संस्थेत, पहिल्यांदाच हाती आलेल्या दोन पोरांना करू दिलं गेलं. १८ ऑक्टोबरला, पुन्हा एका शुक्रवारी, त्याच स्टुडिओत तोच भाग नव्याने घेतला.

दोन्ही प्रती उपलब्ध आहेत. मी त्या एकापाठोपाठ एक पाहिल्या, आणि खरं सांगतो, दिग्दर्शन शिकणाऱ्या कुणालाही याहून चांगला धडा मिळणार नाही. दाराचा खडखडाट गेला हे तर झालंच. पण बदललं ते आणखी खोलवर. पहिल्या प्रतीतला डॉक्टर, म्हणजे तो म्हातारा, थंड आहे, तुच्छतेने बोलतो, त्याच्या अंगावर साधा आजकालचा कोट-टाय आहे. दुसऱ्या प्रतीत तो जुन्या जमान्यातल्या एखाद्या सद्गृहस्थासारखा दिसतो. अजूनही तिरसट आहे, पण डोळ्यांत मिश्कीलपणा आला आहे. भंगाराच्या आवारात मास्तर तावातावाने मुलीबद्दल विचारतात, तर हा भंगारातलीच एक जुनी वस्तू हातात घेऊन तिच्यात रमतो. लपवण्यासारखं काहीतरी आहे आणि म्हातारा ते जिवापाड जपतो आहे, हे आता कळतं. पहिल्या वेळी फक्त त्याचा उर्मटपणा कळत होता.

सुझनचंही तसंच. पहिल्या प्रतीत ती वर्गात एकटी उरल्यावर कागदावर शाईचा डाग पाडते आणि त्याभोवती षटकोन रेखते. कुणीतरी परग्रहावरचं, हे त्यातून ठसवायचं होतं. दुसऱ्या प्रतीत ती बाईंनी दिलेलं फ्रेंच राज्यक्रांतीवरचं पुस्तक उघडते, चाळते, आणि एका पानावर थबकून छापलेलं चुकीचं आहे असं चटकन बोलून जाते. केवढा फरक! डाग पाडणारी मुलगी आपल्याला परकी वाटते. पुस्तकातली चूक सापडलेली मुलगी तिथे जाऊन आलेली आहे, तिने ते डोळ्यांनी पाहिलं आहे. पहिल्या प्रतीत ती आपला जन्म एकोणपन्नासाव्या शतकातला सांगते. दुसऱ्या प्रतीत आकडा गेला. दुसरा काळ, दुसरं जग, एवढंच ती सांगते आणि गूढ कायम राहतं. यानातून जायची वेळ येते तेव्हा ती आजोबांशी भांडते, कारण या शाळेतले पाच महिने तिला आयुष्यातले सर्वांत सुखाचे वाटले आहेत. आणि आजोबा मास्तरांना बजावतात की आपण दोघं आपल्या ग्रहापासून तुटलेले, परागंदा झालेले आहोत, पण कधीतरी परत जाऊ. हार्टनेल हे बोलताना क्षणभर समोरच्यांना विसरतात. संवाद कोबर्न यांचा. पण तो म्हणून घेणारा, त्या क्षणी कॅमेरा त्या चेहऱ्यावर ठेवणारा वारिस हुसेन होता. मुंबई सोडलेल्या त्या मुलाशी या क्षणाचं नातं आहे असं मी ठामपणे म्हणू शकत नाही. मला ते दर वेळी जाणवतं, एवढंच.

याच भागात एक छोटा प्रसंग आहे. एका पौंडाचे किती शिलिंग, यावर सुझन अडखळते. तिला वाटत असतं की या देशात दशमान नाणी आहेत. मग तिला आठवतं की ती अजून यायची आहेत. सारा वर्ग हसतो. बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड तेव्हा ब्रिटनमध्ये चालू होता. दशमान चलन घ्यावं का याचा विचार करणाऱ्या सरकारी समितीचा अहवाल १९६३मध्येच आला होता. प्रत्यक्षात बदल झाला १५ फेब्रुवारी १९७१ला. सुझनचं बोलणं सोळा आणे खरं ठरलं. आणि हा शब्दप्रयोग लिहिताना मला आठवतं की आपण आणे केव्हाच सोडले होते. १ एप्रिल १९५७ला भारतात रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. इंग्रज शाळकरी मुलं ज्याला भविष्य समजून हसत होती, ते मुंबईच्या वाण्याच्या गल्ल्यात सहा वर्षांपासून खुळखुळत होतं.

प्रक्षेपण ठरलं शनिवार, २३ नोव्हेंबर, संध्याकाळी सव्वापाच. आदल्या दिवशी, शुक्रवारी, डॅलसमध्ये अध्यक्ष केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या. लंडनमध्ये तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. काही वेळातच ते गेल्याची बातमी आली. त्याच दिवशी ऑल्डस हक्सली गेले आणि सी. एस. लुइसही गेले. लुइस यांनी कपाटातून दुसऱ्या जगात जाणारी मुलं लिहिली होती. दुसऱ्याच संध्याकाळी ब्रिटनमधली मुलं एका निळ्या लाकडी कपाटातून तशीच आत शिरली. योगायोगच, पण विलक्षण.

केनेडींमुळे पहिला भाग दहा मिनिटं उशिरा लागला असं अनेक ठिकाणी छापलेलं सापडतं. ते खरं नाही. उशीर झाला सुमारे ऐंशी सेकंदांचा. मात्र त्या संध्याकाळी देशाच्या काही भागांत वीजही गेली होती. जे टीव्हीसमोर बसले होते त्यांचं मन कुठे होतं ते सांगायला नको. पाहणाऱ्यांची संख्या भरली ४४ लाख. प्रेक्षकांच्या पसंतीचा बीबीसीचा निर्देशांक १०० पैकी ६३ आला. लँबर्ट आणि सहकाऱ्यांना हे मनाला लागलं. इतकी मेहनत, दोनदा केलेलं काम, आणि सारा देश शोकात असताना ते वाहून गेलं. बीबीसीने मग एक शहाणपणाची गोष्ट केली. पुढच्या शनिवारी, ३० नोव्हेंबरला, दुसऱ्या भागाच्या आधी पहिला भाग पुन्हा दाखवला. त्या वेळी तो ६० लाखांनी पाहिला. ज्या आईबापांनी आदल्या आठवड्यात बातम्यांपायी टीव्हीकडे नीट पाहिलं नव्हतं, ते आता मुलांबरोबर बसले. दुसरी संधी या भागाला दोनदा मिळाली, एकदा स्टुडिओत आणि एकदा पडद्यावर.

पुढचे तीन भाग अग्नी हरवलेल्या आदिमानवांच्या टोळीचे. ते पहिल्या भागाच्या पासंगालाही पुरत नाहीत. मालिका खरी उसळली ती २१ डिसेंबरपासून, टेरी नेशन यांनी लिहिलेल्या आणि रेमंड क्युसिक यांनी घडवलेल्या डॅलेक यंत्रराक्षसांमुळे. न्यूमन यांनी पहिल्या दिवसापासून असले राक्षस नकोत म्हणून बजावलं होतं. ते संतापले. लँबर्ट मागे हटली नाही. ती कथा संपेपर्यंत प्रेक्षक एक कोटीच्या पुढे गेले आणि न्यूमन यांनी मोकळ्या मनाने हार मानली.

लँबर्ट पुढे ब्रिटिश दूरचित्रवाणीतली फार मोठी निर्माती झाली. तिचं निधन झालं २२ नोव्हेंबर २००७ला, मालिकेच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. हुसेन यांनी १९६५मध्ये बीबीसीसाठी 'अ पॅसेज टु इंडिया' केलं, 'एडवर्ड अँड मिसेस सिम्प्सन'बद्दल बाफ्टा मिळवलं, आणि १९९७ साली 'सिक्स्थ हॅपिनेस' हा चित्रपट केला. फिरदौस कांगा यांच्या कादंबरीवरचा, मुंबईतल्या एका पारशी घरातला. सातव्या-आठव्या वर्षी सोडलेल्या गावात हा दिग्दर्शक गोष्ट सांगायला परत आला, याचं मला अप्रूप आहे.

'डॉक्टर हू'साठी हुसेन यांनी आणखी एक कथा केली होती, १९६४ची सात भागांची 'मार्को पोलो'. कुब्लाई खानाच्या दरबारापर्यंतचा प्रवास, भरजरी पोशाख, हातानं रंगवलेले नकाशे. बीबीसीने तिच्या टेपा पुसल्या. तेव्हा टेप महाग होती आणि जुने कार्यक्रम पुन्हा कुणी पाहील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्या काळातले नव्वदहून अधिक भाग असेच नाहीसे झाले आहेत. 'मार्को पोलो'चा आवाज उरला, कारण घरोघरच्या चाहत्यांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरला होता. आणि पडद्यावरून काढलेली छायाचित्रं उरली ती हुसेन यांनी स्वतः जपून ठेवल्यामुळे.

'ॲन अनअर्थली चाइल्ड' मात्र फिल्मवर उतरवलेलं असल्याने टिकलं. अर्थात टिकणं आणि दिसणं वेगळं. २०२३मध्ये साठ वर्षं पूर्ण झाली तेव्हा बीबीसीने आपल्या संकेतस्थळावर मालिकेचे आठशेहून जास्त भाग खुले केले. त्यांत पहिलीच कथा नव्हती. कोबर्न यांच्या वारसांशी हक्कांचा प्रश्न सुटला नव्हता.

न्यूमन यांनी नापास केलेली २७ सप्टेंबरची प्रतही बीबीसीच्या भांडारात पडून राहिली. ती लोकांना प्रथम दिसली २६ ऑगस्ट १९९१ला. लाइम ग्रोव्हचा स्टुडिओ कायमचा बंद होत होता आणि त्याच्या आठवणींसाठी बीबीसी टूने एक सबंध दिवस राखून ठेवला होता. अठ्ठावीस वर्षांनी त्या पांढऱ्या झडपा पुन्हा हलल्या, आदळल्या, हार्टनेल त्या आवाजावरून बोलत राहिले. पुढे ती वास्तू पाडली. तिथे आता राहती घरं आहेत.